पॅनेलच्या दुसऱ्या टोकाला

रवि., २३ फेब्रुवारी

हॉलकडून प्रदर्शकांची नियमपुस्तिका आली. अडतीस पानं. हॉस्पिटलच्या उपकरणांचं प्रदर्शन, आणि कंपनीचा स्टॉल यंदा माझ्याकडे, म्हणून सगळी वाचली. ऑफिसमधली सिआरा म्हणाली, ती पुस्तिका आजवर कुणी उघडलेली नाही.

आपली खोकी आपण उघडायची, पत्रकं आपण मांडायची. हत्यार लागेल, शिडी लागेल किंवा दोन माणसं लागतील असं प्रत्येक काम हॉलच्या युनियनच्या माणसांनी करायचं. प्लगसुद्धा.

शिरीषला दाखवली. तो पाच महिने त्याच हॉलवर उभारणीच्या कामाला आहे. ॲथलोनमधली ऑफिसातली नोकरी जाऊन दीड वर्ष झालं. आधी 'दहा दिवस तात्पुरतं' म्हणून गेला आणि त्या दहा दिवसांत कितीतरी महिन्यांनी शांत झोपला. आता १४ मार्चला सहा महिन्यांची उमेदवारी संपेल आणि युनियनचं कायम कार्ड मिळेल. मिळेल म्हणजे, मिळावं.

मी म्हटलं, "प्लग लावायला माणूस? आपलं काम आपण करायचं, असंच शिकलो ना आपण?"

"ते तुझं काम नाहीये गं. माझं आहे."

सिआराला अजून सांगितलेलं नाही की स्टॉल उभारणाऱ्यांत माझा नवरा असेल. हितसंबंधांचा प्रश्न येईल म्हणून नाही सांगितलं, असं मी मला सांगते आहे. तपासायला हवं.

बुध., २६ फेब्रु.

लूकनच्या भारतीय दुकानात पोहे घेताना मराठी मंडळातल्या एक बाई भेटल्या. "शिरीष सध्या कुठे?" मी म्हटलं, "इव्हेंट्समध्ये." शि. मागेच उभा, कढीपत्ता निवडत.

गाडीत बसल्यावर इतका हसला. "इव्हेंट्समध्ये! अगं, मी खुर्च्यांमध्ये आहे. परवा दीड हजार खुर्च्या मांडल्या मी आणि डेसीने."

मीही हसले. मग अॅडम्सटाउनला घरी पोहोचेपर्यंत मी रेडिओची स्टेशनं बदलत राहिले.

सोम., ३ मार्च

उभारणीचा दिवस. नीट लिहायला हवं.

सकाळी आठला हॉल म्हणजे नुसतं सिमेंटचं मैदान. शि. नारिंगी जॅकेटमध्ये. मला 'मॅडम' म्हणाला आणि डोळा मारला. सोबत डेसी, त्याचा जोडीदार, एकसष्ट वर्षांचा, डावा गुडघा खराब. शि.च्या डब्यातला पोळीचा रोल रोज अर्धा डेसीचा असतो, हे मला माहीत होतं. माणूस आज पहिल्यांदा पाहिला. शिरीषचं त्याने 'शीर' केलंय. मला म्हणाला, "तर मिसेस शीर म्हणजे तुम्ही! बटाट्याची भाजी तुमची ना? ग्रँड असते." सिआरा लांब होती, तिला ऐकू गेलं नाही. मला बरं वाटलं. हे लिहायला हवं, की बरं वाटलं.

दोघांचं काम बघत राहिले. मागच्या भिंतीची आठ फुटी पॅनेलं. डेसी बोलत नाही, नुसती हनुवटी हलवतो आणि शि.ला कळतं. शि. एक डोळा मिटून भिंत सरळ आहे का बघतो. असा समाधानाने भरलेला चेहरा मी ॲथलोनच्या शेवटच्या वर्षांत पाहिला नव्हता.

अकराला डेसी चहाला गेला. नियमाची सुट्टी, वीस मिनिटं. एक पॅनेल उरलं होतं. साडेअकराला आमचं यंत्र येणार, सिआरा फोनवर त्याच गडबडीत. मी घड्याळ बघितलं. पुन्हा बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं ते शि.ने बघितलं.

त्याने पॅनेलचं एक टोक उचललं. "धर गं." मी धरलं.

पुण्यापासून इथपर्यंत आम्ही नऊ घरं बदलली. कपाटं, गाद्या, ओवीचा पाळणा, सगळं असंच नेलं. मी उलटी चालणार, तो समोरून दिशा सांगणार. आजही तसंच. मिनिटभरात भिंत पुरी. मला छान वाटलं, अगदी छान.

मग नोरीन आली. युनियनची इथली प्रतिनिधी, पन्नाशीची, आवाज चढवत नाही. शि.ला विचारलं, "या बाईंना ओळखतोस?"

त्याने माझ्याकडे बघितलं. उत्तर माझ्यावर सोडलं. सिआरा तोवर फोन ठेवून जवळ आली होती.

मी म्हटलं, "तो माझा नवरा आहे." म्हटलं. पण लगेच नाही म्हटलं.

पुढचं उद्या. ओवीला स्विमिंगहून आणायचंय.

मंगळ., ४ मार्च

दुपारी कँटीनमध्ये नोरीनसमोर बसले. मी म्हटलं, चूक माझी, शिक्षा मला करा. ती म्हणाली, "प्रदर्शकाला शिक्षा नसते. प्रदर्शकाला हात लावू देणाऱ्याला असते. पुस्तिकेत आहे." आहे. पान बावीस. मीच वाचलं होतं.

मग म्हणाली, "काल वर गॅलरीत मॅनेजर उभा होता. वर्षभर त्याचं एकच पालुपद आहे, पॅनेलला एक माणूस आणि एक ट्रॉली पुरे. काल तुम्ही दोघांनी त्याला दाखवून दिलंत, की हॉलचा दुसरा माणूस नसला तरी पॅनेल उभं राहतं. त्याने घड्याळ लावलं होतं की नाही, मला माहीत नाही. आणि एक माणूस कमी करायचा झाला, तर पहिला कोण जाईल? ज्याचा गुडघा खराब आहे तो."

मला वाटलं होतं हे नियम आळशीपणाचे. मदत करणं चूक कसं असेल? कॉलेजात असताना श्रमदानाच्या शिबिरात आम्ही आठ दिवस रस्ता केला होता. प्रमाणपत्र मिळालं, फोटो आला. एरवी तो रस्ता खडी फोडून जे करतात, ते त्या आठ दिवसांत कुठे होते? आज पहिल्यांदा विचारलं स्वतःला. पंचवीस वर्षांनी.

१३ तारखेला सुनावणी. युनियनचेच तिघे जण बसणार. मी लेखी निवेदन द्यायचं. त्यातला प्रश्न: कामगाराने मदत मागितली, की तुम्ही आपणहून केली? मागितली असेल तर कार्ड जवळपास गेलंच. आपणहून केली असेल तर ताकीद देऊन सोडतात.

आणि त्यांची एक जुनी रीत आहे. सगळं झाल्यावर जोडीदाराला विचारतात, 'याच्यासोबत दुसरं टोक उचलशील?' तो नाही म्हणाला तर बाकी काही चालत नाही.

गुरु., ६ मार्च

प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. एक ट्यूब लुकलुकत होती म्हणून डेसी आला. शिडी धरायला दुसरा कुणीतरी. शि.ला त्यांनी आवारातल्याच दुसऱ्या हॉलवर टाकलंय.

मी सॉरी म्हटलं. तो शिडीवरून उतरला, एकेक पायरी, गुडघ्याला सांभाळत. म्हणाला, "चहा वीस मिनिटांचा असतो. वीस मिनिटं थांबला असतात."

रागाने नाही म्हणाला. त्यामुळेच...

घरी शि.ला सांगितलं. तो भांडी विसळत होता, विसळत राहिला. म्हणाला, डबा दोन दिवस अर्धा परत येतोय ते पाहिलं नाहीस का तू. जेवणाच्या सुट्टीत डेसी मुद्दाम दुसरीकडे बसतो.

शनि., ८ मार्च

निवेदन लिहायला बसले. तीन कागद फाडले.

मुद्दा एवढाच आहे. "धर गं" हे मराठीत होतं. नोरीनला त्यातलं काही कळलेलं नाही. ते ऐकणारी जगात मी एकटी. मी 'आपणहून' असं लिहिलं, तर खोडून काढणारं कुणी नाही. शि. सोडून.

आणि मला खरंच आठवत नाहीये. शब्द आधी आला की हात आधी गेला? डोळे मिटून पुन्हा पुन्हा बघते. प्रत्येक वेळी माझा हात आधी जाताना दिसतो. पण ते आठवणं आहे की मला हवं आहे म्हणून दिसणं? सोमवारी मीच वर लिहिलंय: "धर गं." मी धरलं. त्याच क्रमाने. तेव्हा काही गरज नव्हती तरी.

शि.ला म्हटलं, "माझा हात आधी होता."

"मेधा, उगाच नको. मी म्हटलं, मग तू धरलंस."

"तुझं म्हणून होण्याआधी मी वाकले होते."

"तू घड्याळाकडे बघत होतीस. वाकशील कशी?"

"मला बघितलंस ना घड्याळाकडे बघताना? म्हणूनच घाई केलीस. म्हणजे माझ्यामुळेच."

"बरं, मग लिही की नवऱ्याला बायकोच्या घड्याळाची भीती वाटते. त्यावर तिघेही सही करतील."

सोफ्यावरून ओवी. तेरा वर्षांची, सगळं समजतं, उत्तर तिच्या भाषेत. "यू गाइज आर फायटिंग टु बी गिल्टी. दॅट्स सो वियर्ड." मग जरा वेळाने, कानातले इअरफोन काढून, "बाबा, विल यू लूज द जॉब?"

शि. म्हणाला, "माहीत नाही रे पिल्ला."

तिला तो खोटं सांगू शकला असता.

रवि., ९ मार्च

सकाळी लिफी नदीच्या काठाने चाललो दोघंच. वारा भयंकर. मीच विषय काढला. नोरीनने विचारलं तेव्हा मी थांबले ते.

"तीन सेकंद," तो म्हणाला. "मोजले मी."

मी म्हटलं, सिआरा होती, हितसंबंधाचं...

"मेधा."

मग मी म्हटलं. हो, लाज वाटली. जॅकेटची. तुझी नाही, जॅकेटची. मग वाटलं, यात फरक काय.

त्याने टोपी कानांवर ओढली. म्हणाला, "मलाही सुरुवातीला वाटायची. सांगलीला आई अजून समजते मी ऑफिसात आहे. पण एक सांगू? डेसीने पहिल्या आठवड्यात मला शिकवलं, जड टोक नेहमी नवीन माणसाला द्यायचं नाही, ते जुन्याने घ्यायचं. पाच महिने तो जड टोक घेतोय. त्या गुडघ्याने. आणि मी वीस मिनिटं थांबलो नाही."

कार्डापेक्षा त्याला हेच लागलंय, हे मला आज कळलं. घरातल्या घरात आठवडा गेला कळायला.

हातमोजा काढून त्याचा हात धरला. गार पडला होता. परत येईपर्यंत सोडला नाही.

मंगळ., ११ मार्च

निवेदन दिलं. जे लिहिलं ते इथे उतरवून ठेवते, नंतर स्वतःला फसवायला नको.

'त्यांनी मला धरायला सांगितलं. आमच्या भाषेत, एका शब्दात. तो शब्द मी त्यांच्याकडून वीस वर्षं ऐकत आले आहे, आणि मी विचार न करता धरलं. माझा हात आधी गेला असंही मला वाटतं, पण खात्री नाही, म्हणून त्यावर विसंबू नये. घाई माझी होती. नियम मी वाचलेला होता. त्याचं कारण तेव्हा मला माहीत नव्हतं, आता आहे. श्री. डेसी यांच्या कामाची गरज नव्हती असा अर्थ त्यातून निघत असेल, तर तो चुकीचा आहे. ते पॅनेल आम्ही दोघांनी वाकडं बसवलं होतं. डेसींनी चहाहून येऊन ते सरळ केलं.'

हे शेवटचं खरं आहे. सोमवारी लिहायचं राहिलं होतं. का राहिलं?

शि.ने वाचलं. दोनदा. "कार्ड जाईल याने," म्हणाला. मग, "ठीक आहे." मग चष्मा पुसत बसला.

ऑफिसात सिआराला सगळं सांगितलं, आधी सांगायला हवं होतं हेही. ती म्हणाली, "अगं, माझा भाऊ तिथेच दारावर असतो." बस, एवढंच. मी इतके दिवस काय सांभाळत होते?

गुरु., १३ मार्च, सकाळ

डबा भरला. बटाट्याची भाजी, डेसीचा रोल वेगळा, कागदात गुंडाळून. मग वाटलं, सुनावणीच्या दिवशी ही लाच होते का? काढला. मग वाटलं, आजच नाही दिला तर त्याचा अर्थ राग असा होईल. ठेवला. शि. म्हणाला, "मेधा, ती बटाट्याची भाजी आहे." शेवटी मीच काढून ठेवला. ओवीने खाल्ला.

त्याच दिवशी, ११.४०

हॉलच्या मागच्या बाजूला एक खोली आहे, काचेचं दार. मला आत जाता येत नाही, मी युनियनची नाही. बाहेर बाकावर बसून लिहितेय. आवाज येत नाही, दिसतं फक्त.

तिघे टेबलाच्या पलीकडे. नोरीन बाजूला उभी. शि.ने इस्त्रीचा शर्ट घातलाय, वर तेच नारिंगी जॅकेट. मीच म्हटलं होतं, घाल.

नोरीनने माझा कागद वाचला. वाचून झाल्यावर उलटा ठेवला. शि. काहीतरी थोडं बोलला. मान खाली नव्हती.

आता नोरीन डेसीकडे वळली. तो भिंतीकडच्या खुर्चीत आहे. विचारत असणार, तेच: दुसरं टोक उचलशील?

डेसी उठायला लागलाय. गुडघा साथ देत नाहीये, एकदा परत बसला. शि.चा हात पुढे गेला, आणि मध्येच थांबला. आपण मदत करावी की नाही, हे त्याला आता कळत नाहीये.

डेसी आपला आपण उभा राहिला. शि.कडे बघितलं नाही. बोलतोय. न बोलणारा माणूस, आणि बराच वेळ बोलतोय. तिघांपैकी एक जण लिहून घ्यायचा थांबला.

शि.चा हात अजून तसाच आहे, हवेत, अर्ध्यावर.