मुलांच्या रविवारचा पाठ

३ ऑक्टोबर, गुरुवार
लेकीचा, मातालेनाचा फोन. आपिया शहरातल्या हॉटेलात चादरी बदलते आणि मला पोर वाढवायला शिकवते! म्हणे, "आई, शनिवारी चर्चच्या हॉलमधला सिनेमा सोळा वर्षांवरच्यांचा आहे. माझी सेलेपा सात वर्षांची. नेलंस तर तिला कायमची इकडे आणीन." नाही नेणार म्हटलं. अजून नेलेलं नाही, म्हणजे खोटं नाही.

४ ऑक्टोबर
सोळाचा शिक्का उघड्यावाघड्या बायांसाठी असतो. यात येशू आहे. सेन्सॉरवाल्यांना फरक कळत नाही. नऊ दिवसांवर मुलांचा रविवार, चर्चमधला पोरांचा सण. पांढरा फ्रॉक घालून सेलेपा अख्ख्या गावापुढं बायबलचा पाठ म्हणणार. चार ओळींत तीनदा अडखळते. येशूला डोळ्यांनी बघितलं की सुधारेल.

५ ऑक्टोबर, संध्याकाळ
हॉलच्या दारात पाद्रीणबाई. "फेतूबाई, शिक्का बघितलात ना?" म्हटलं, "मी आजी आहे. माझा शिक्का मोठा." पुढंच चटई टाकली. चाबूक आला तेव्हा तिचे डोळे झाकले. खिळे आले तेव्हा माझेच झाकले. दोन हात, चार डोळे. माणूस किती पुरणार?
येताना बजावलं, आईनं विचारलं तर आपण घरीच होतो. "हो, आजी."

७ ऑक्टोबर
सेलेपा जेवली नाही. उपास करत असेल, गुणाची. सकाळी झोपायची चटई ओली. पाणी जास्त प्यायली असणार.

१० ऑक्टोबर
शेजारचा इओआने छपराचे पत्रे ठोकत होता. पोर पलंगाखाली.
"कुणाला ठोकतायत, आजी?"
"पत्र्याला."
"नक्की?"
इओआनेच्या बायकोला सांगितलं, नात फार भाविक झालीय. ती हसली. जळते.

१३ ऑक्टोबर, मुलांचा रविवार
मातालेना कालच आली. सेलेपा उभी राहिली, एक ओळ म्हणाली. मग भिंतीवरच्या क्रूसाकडे बघितलं नि कानांवर हात दाबून खालीच बसली. मातालेनानं उचलून बाहेर नेली. मी मागोमाग. पाद्रीणबाई पायरीवर.
"सेलेपा, आजीनं तुला तो सिनेमा दाखवला?" मातालेनानं विचारलं.
पोरीनं माझ्याकडे बघितलं, मग आईच्या डोळ्यांत.
"नाही. शनिवारी आम्ही घरीच होतो."
मातालेनानं माझी माफी मागितली. पोर माझ्याकडेच राहणार. पाद्रीणबाई माझ्याकडे बघून आत गेल्या.
आज मुलं आधी जेवतात, म्हाताऱ्यांनी वाढायचं. वाढलं.
मी शिकवलेलं एवढं एकच ती न अडखळता बोलली.