चाचणीचा अर्ज

३ तारीख, सोमवार

पन्नाशी उलटल्यावर नवी नोकरी, नवं गाव, नवी खोली! खोली काडेपेटीएवढी आहे, पण खिडकीतून समोरच्यांचा दोरीवर वाळत घातलेला अख्खा संसार दिसतो, म्हणजे करमणुकीची सोय झाली. काम व्हिसाच्या कचेरीत. परदेशी निघालेल्यांच्या बोटांचे ठसे घ्यायचे, फोटो काढायचा आणि अर्ज पुढे पाठवायचा. लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, सगळ्या जगाला पाठवशील, पण तू कधी येणार गं? ती तिकडे सातासमुद्रापार, दिवस भरत आलेले, महिनाअखेरची तारीख. मला सहा महिने रजा नाही, हे सांगून टाकलं.

५ तारीख, बुधवार

हात बसला. आधी उजव्या हाताची चार बोटं काचेवर, मग डाव्या हाताची चार, शेवटी दोन्ही अंगठे. फोटोत हसायचं नाही. हसू नका म्हटलं की लोकांना हटकून हसू फुटतं. जन्मभर भांडी घासलेल्या, विटा उचललेल्या बोटांवर रेषाच उरत नाहीत. ती ओल्या फडक्याने पुसून, वर आपला हात ठेवून हलकेच दाबायची. दिवसाला शंभरेक माणसांचे हात हातात घेते. घरी आल्यावर मात्र हाताला गरम लागतो तो फक्त चहाचा कप.

साहेबांनी एक शिस्त बजावली आहे. रोज सकाळी यंत्र तपासायला आपलेच ठसे आणि फोटो घालून एक अर्ज भरायचा, नावाच्या जागी ‘चाचणी’ लिहायचं. तो पुसल्याशिवाय पहिला माणूस आत घ्यायचा नाही.

११ तारीख, मंगळवार

सकाळी लेक फोनवर रडली. आई, तू हवी होतीस म्हणाली. कचेरीत आले तरी तेच कानात. मग वेड्यासारखं काहीतरी केलं. चाचणीच्या अर्जात माझं खरं नाव घातलं. पत्ता लेकीचा. जाण्याचं कारण, लेकीचं बाळंतपण. फोटोत चेहरा अगदी नियमाप्रमाणे गंभीर. दोन मिनिटं इतकं बरं वाटलं, जणू बॅग भरूनच ठेवली आहे.

तेवढ्यात पहारेकऱ्याने दार उघडलं, चाकाच्या खुर्चीतल्या एक आजी आत आल्या, त्यांना बसवण्याच्या गडबडीत पुसायचं राहून गेलं. संध्याकाळी पाहते तर अर्ज पुढे गेलेला. साहेबांना सांगायची छाती झाली नाही. पासपोर्टच जोडलेला नाही, आपोआप परत येईल.

१४ तारीख, शुक्रवार

यंत्राने माझा अंगठा घेतला नाही. काच पुसली, बोट पुसलं, तरी नाही. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, अहो, रेषा कुठे गेल्या तुमच्या, घरी खानावळ काढलीत की काय? दोघी हसलो. एकट्या बाईची भांडी ती किती असणार.

लेकीचा आज फोन नाही.

१७ तारीख, सोमवार

अर्ज उघडून पाहिला. मंजूर. आणि फोटोतली मी हसते आहे. मी हसले नव्हते. मला पक्कं आठवतंय, मी हसले नव्हते.

आता दहाही बोटं गुळगुळीत. लेक फोन उचलत नाही.

२० तारीख, गुरुवार

जावयांनी उचलला. कोण बोलतंय विचारलं. मी आई म्हटलं. म्हणाले, चुकीचा नंबर लागला असेल, आई परवाच आल्यात, आत हिचे पाय चेपतायत. मागे लेक हसत होती — किती दिवसांनी ऐकलं ते हसू. आणि तिच्याबरोबर आणखी एक हसणं —

ते माझं होतं.

२४ तारीख, सोमवार

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मला अर्जदाराच्या स्टुलावर बसवलं. चार बोटं — काही नाही. अंगठे — काही नाही. फोटोत नुसता मागचा पांढरा पडदा. साहेब घाबरून म्हणाले, बाई, तुम्ही आहात तरी कोण? आमच्या बाई तर रजा घेऊन लेकीकडे गेल्यात.

ताईंनी मान खाली घातली. ओळख दिली नाही.

२६ तारीख

पहारेकरी आत सोडत नाही. दोन दिवस कुणाशी एक शब्द नाही. कुणाचा हात हातात नाही. तिच्या कळा सुरू झाल्या असतील. मी इथे आहे गं — इथे —

२८ तारीख

फोन लागला. तिनेच उचलला. माझाच आवाज. हळू बोला म्हणाली, बाळ आत्ताच झोपलंय. भांडायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. विचारलं, माझी लेक बरी आहे ना? हो म्हणाली. मग विचारलं — मुलगा की मुलगी?

सांगितलं तिने. मायेने सांगितलं, मी सांगितलं असतं तसंच. आणि म्हणाली, आता परत फोन करू नका.

पेन धरवत नाही — बोटांतून निसटतंय — पण तेवढं तरी लिहून ठेवते. मला —