पहिल्या आचेचा धूर

सर, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण माझा राग काही गेलेला नाही. वाफेची छोटी इंजिनं करणं हा आता माझा छंद आहे. आज ओट्यावर बसून इंजिनाचं पाणी तापवणाऱ्या दिव्याभोवतीच्या पत्र्याला आतून सिरॅमिकचा कागद लावला, पहिल्यांदाच. पांढरा, मऊ, टीपकागदासारखा. तोंडाला मास्क बांधून साध्या कात्रीनं कापता येतो आणि आगीला दाद देत नाही. तो हातात आला आणि तुम्ही आठवलात.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन, शिक्षणखात्याचे साहेब येणार म्हणून शाळेत नुसती धांदल. मी डालड्याच्या डब्याचं इंजिन केलं होतं. स्पिरिटचा दिवा तुम्हीच प्रयोगशाळेतून काढून दिला होता. तेव्हा असला कागद कुठला? लाकडी फळीवर पुठ्ठा ठेवून वर चुलीची माती लिंपली होती. दुष्काळ होता, टँकरच्या रांगेत उभी राहून आणलेल्या पाण्यातलं माझ्या वाटणीचं तांब्याभर पाणी डब्यात ओतलं. साहेब दारात आले, मी दिवा लावला, पुठ्ठ्यातून जरासा धूर निघाला आणि तुम्ही झडप घालून दिवा विझवलात.

"लई शहाणी झालीस का? पोरीच्या जातीनं आगीशी खेळू न्हाई. लोकाला प्यायला पाणी न्हाई अन् तू वाफा उडवायलीस!"

साहेबांनी विचारलं तेव्हा हसून म्हणालात, "काही नाही साहेब, पोरीनं डबा सजवलाय."

डबा सजवलाय! सर, त्या दिवशी पहाटे चूल मीच पेटवली होती, घरभराच्या भाकरी थापून शाळेत आले होते. तिथं बोटं पोळली तरी कुणी अडवत नाही. चार लोकांसमोर चाक फिरवायचं म्हटलं की मग पोरीची जात आठवते. टेबलाखाली वाळूची बादली मीच आणून ठेवली होती, तीही तुम्ही पाहिली नाहीत.

या कागदाचं असं, की पहिल्या आचेला तो धुमसतो, काळा पडतो. आतला चिकटा जळून गेला की पुन्हा पांढरा. दुकानदारानं तसं बजावलंही होतं. तसंच झालं. मग पाणी उकळलं आणि चाक टकटक फिरायला लागलं. टाळ्या वाजवायला घरात कुणी नव्हतं.

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, असता तरी पाठवलं नसतं. तुम्हाला माफ केलेलं नाही. फक्त एवढंच, की आज धूर दिसल्याबरोबर माझाही हात आधी दिवा विझवायलाच गेला होता.