अकरा टक्क्यांनी वेगवान

२ जून

आजपासून रोजनिशी लिहिणार. मोठे निर्णय घेणाऱ्या माणसाने आपली विचारप्रक्रिया कुठेतरी नोंदवून ठेवलीच पाहिजे.

निर्णय असा. माझ्या लॅपटॉपचं नवं मॉडेल आलंय. माझं मॉडेल दोन वर्षांपूर्वीचं. दोन्हींतला फरक कंपनीच्या साइटवर सविस्तर दिलाय. आकार तोच. वजन तेच. स्क्रीन तोच. रंगही तोच (याला म्हणतात आत्मविश्वास). प्रोसेसर मात्र नवा आणि अकरा टक्क्यांनी वेगवान. शिवाय कॅमेऱ्यात सुधारणा. कसली, ते कंपनीनेही सांगितलेलं नाही.

मी जाहिरातीला भुलणारा माणूस नाही. घ्यायचा की नाही, हे अभ्यासाअंतीच ठरेल. आज चार व्हिडिओ पाहिले.

३ जून

आणखी तीन. शेवटच्यातला पोरगा म्हणतो, तुमच्याकडे आधीचं मॉडेल असेल तर नव्याच्या नादी लागू नका, काडीचा फरक नाही. कॅमेऱ्यासमोर बसून बडबडायला अक्कल लागत नाही. अनसबस्क्राइब केलं.

५ जून

ऑफिस. आमच्या कंपनीच्या लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांच्या सहा तक्रारी. सहाही जणांना आमच्या तक्रार विभागाचं नेहमीचं उत्तर पाठवलं : 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. योग्य ती कार्यवाही सुरू आहे.' कॉपी, पेस्ट, सेंड. चौथ्याला पेस्ट करताना लॅपटॉप किंचित थबकला. मी स्वतः पाहिलं. नव्यावर वर्षाकाठी अकरा टक्के जास्त दिलगिरी व्यक्त करता येईल. याला उत्पादकता म्हणतात.

हिशेब विभागातल्या नन्नाला हे सांगितलं. (कशालाही आधी 'न' म्हणतो, म्हणून नन्ना.) म्हणाला, नको. मी म्हटलं, अरे, ऐकून तर घे. म्हणाला, ऐकून झालं, नको.

दूरदृष्टी नसलेल्या माणसांमुळेच आपल्या लिफ्ट अडकतात.

७ जून

हिच्यापाशी विषय काढला. हिने विचारलं, आहे त्याला काय झालंय? म्हटलं, हल्ली कण्हतो. तर म्हणे, "कण्हता तुम्हीही. मी बदलून मागितलं का कुणाकडे?"

मुद्दा सोडून बोलण्यात हिचा हात कुणी धरणार नाही.

८ जून

सुचलं! इतके दिवस कसं सुचलं नाही?

कन्येला आर्किटेक्चरला प्रवेश मिळालाय. २० जुलैला ती होस्टेलवर जाणार. तिला लॅपटॉप लागणार. तेव्हा मी माझा जिवाभावाचा लॅपटॉप तिला देणार आणि स्वतः कसंबसं नव्यावर भागवणार. बाप काय चीज असते, हे तिला मोठेपणी कळेल.

ही म्हणाली, तिला त्या इमारतींची अवजड चित्रं काढायची आहेत, मग नवा तिलाच घ्या की. तिला शांतपणे समजावलं, की नव्या मॉडेलमध्ये सुरुवातीला हजार खोड्या असतात. त्या बापाने सोसायच्या की लेकराने? ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. पटलं असावं.

कन्या मात्र गुणाची. म्हणाली, "तुझा चालेल मला बाबा. फक्त महिनाअखेरपर्यंत रिकामा करून दे. कॉलेज सुरू व्हायच्या आधी आपल्या राहत्या घराचं मॉडेल बनवून पाठवायचंय."

महिनाअखेर म्हणजे वेळच वेळ.

१२ जून

घात झाला. मेहुणा आला होता. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि हात सतत शिवशिवत असतात. ही त्याला म्हणाली, यांचा लॅपटॉप कण्हतो म्हणतात, बघ जरा. मी चहा घेईपर्यंत त्याने पाठ उघडून, ब्रश मारून, चिमूटभर धूळ काढून बंदही केला. म्हणाला, "भाऊजी, आता पाच वर्षं बघायला नको."

तेव्हापासून आवाज नाही. खटकन सुरू होतो. चारचौघांत मला तोंडघशी पाडायला मुद्दाम शहाण्यासारखा वागतोय.

१६ जून

दुकानात जाऊन आलो. दोन्ही मॉडेलं शेजारी शेजारी ठेवली होती. विक्रेती म्हणाली, "दिसायला सेम आहे सर, वापरायलाही सेमच, पण हा लेटेस्ट." इतक्या कमी शब्दांत इतकं नेमकं विश्लेषण मी सव्वीस व्हिडिओंत ऐकलं नव्हतं.

घेतला नाही. पहिल्या झटक्यात घेणाऱ्यातला मी नव्हे. तिसऱ्यांदा जाईन तेव्हा घेईन.

नवा आल्यावर करायच्या गोष्टी : व्हिडिओ एडिटिंग शिकणे. इंग्रजी सुधारणे. लिफ्टचा इतिहास या विषयावर ग्रंथ. पोट कमी करणे (याचा लॅपटॉपशी थेट संबंध नाही, पण वातावरण तयार होतं).

२९ जून

कन्येने विचारलं, रिकामा झाला का. कसा होणार? दोन वर्षांचा डेटा आहे. आवरायला बसलो आणि पत्त्यांचा डाव उघडा होता, तो अर्धवट टाकणं बरं दिसेना.

तिला म्हटलं, नवा आला की याच्यातलं सगळं त्याच्यात जाईल, मग हा तुझा. ती म्हणाली, मग नवा कधी येणार? म्हटलं, ऑफर यायची वाट बघतोय. हल्ली ती रोज सकाळी मैत्रिणीकडे जाते आणि तिच्या कॉम्प्युटरवर आपल्या घराचं मॉडेल करते. चांगलंय. जाण्याआधी मैत्रिणींचा सहवास मिळतोय.

६ जुलै

कन्या फूटपट्टी घेऊन घरभर मोजमापं घेत होती. माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबली. म्हणाली, "बाबा, पाय वर घे." घेतले. भिंतीपासून टेबलापर्यंत मोजलं, लिहून घेतलं. मग म्हणाली, "मी वीस तारखेला जाणार आहे, लक्षात आहे ना तुझ्या?"

लक्षात कसं नसेल? ऑफर अठराला संपतेय.

१४ जुलै

घेतला!!

खोकं उघडायला सगळ्यांना बोलावलं. हिचं दूध गॅसवर होतं. कन्या बॅग भरत होती. शेवटी मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून मीच माझा व्हिडिओ काढला. पाहिल्यावर लक्षात आलं, की त्यात फक्त माझं पोट आलंय. इतिहास असाच घडतो, साक्षीदारांशिवाय.

१५ जुलै

रजा टाकून जुन्यातलं सगळं नव्यात उतरवलं. फाइली, फोटो, भिंतीवरचं चित्र, पत्त्यांच्या डावातले विक्रम, सगळं जसंच्या तसं. आता दोघे शेजारी ठेवले तर राम-लक्ष्मण. जुना पुसून कन्येला द्यायचं तेवढं उरलं. उद्या.

१९ जुलै

उद्या, उद्या करता राहिलंच. त्याला इलाज नव्हता. नव्या बॅटरीला पहिल्या आठवड्यात कसं वागवावं यावर एका फोरमवर रण माजलंय आणि मी त्यात एका बाजूचं नेतृत्व करतोय.

कन्या म्हणाली, "असू दे बाबा. मी तिकडे गेल्यावर पुसेन." मनाचा मोठेपणा माझ्याकडून आलाय.

२० जुलै

कन्या गेली.

सकाळी टॅक्सी आली, तेव्हा मोबाइलवर कंपनीचा नव्या ग्राहकांसाठीचा ऑनलाइन कार्यक्रम अगदी रंगात आला होता. तरी मी हेडफोन काढून खाली फाटकापर्यंत गेलो. ती गळ्यात पडली. मी तिला सांगितलं, बॅटरी वीसच्या खाली जाऊ देऊ नकोस, ऐंशीच्या वर नेऊ नकोस. तिने डोळे पुसले. बॅटरीचं इतकं मनाला लावून घेणारी मुलं हल्ली कुठे असतात?

२२ जुलै

नव्या लॅपटॉपबद्दल आता ठामपणे लिहायला हरकत नाही. जमीन-अस्मानाचा फरक! बटणं लोण्यासारखी. स्क्रीनवरचा पांढरा रंग जास्त पांढरा. ऑफिसात आज नऊ दिलगिऱ्या, एकदाही थबकला नाही. जुन्यावर दोन वर्षं कशी काढली, याचं आता आश्चर्य वाटतं.

२५ जुलै

मुख्य म्हणजे शांतता. आतल्या पंख्याचा आवाज शून्य. संध्याकाळी टेबलाशी बसलो तर घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल. बाथरूममध्ये गाणं नाही, फोनवर खिदळणं नाही, दार आपटणं नाही. इतकी शांतता या घरात गेल्या अठरा वर्षांत नव्हती. प्रोसेसरची कमाल आहे.

हिला हे सांगितलं. ही उठून आत गेली.

३० जुलै

फोरमवर लेख टाकला. 'नवा घ्यावा का? एका जाणकाराचा अनुभव.' चार पानी. सार एका शब्दात : घ्याच. वेग अकरा टक्के म्हणतात, मला व्यक्तिशः पंधराच्या आसपास जाणवला, असंही लिहिलं. वीस जणांनी आभार मानले. एकाने तर 'सर' म्हटलं.

नन्नाला लॅपटॉप दाखवला. म्हणाला, नाही कळत फरक. म्हटलं, नजर तयार व्हावी लागते.

ग्रंथ : अजून नाही. इंग्रजी : ऑलमोस्ट. पोट : आहे.

४ ऑगस्ट

वॉरंटीची नोंदणी राहिली होती. लॅपटॉपच्या पोटावरचा नंबर साइटवर टाकला. उत्तर आलं, या उत्पादनाची नोंदणी दोन वर्षांपूर्वीच झाली असून वॉरंटी संपलेली आहे.

इतकी मोठी कंपनी आणि इतका गलथान कारभार! कडक शब्दांत तक्रार केली. तक्रारीतलं मला कळतं.

६ ऑगस्ट

कंपनीचं उत्तर : 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. योग्य ती कार्यवाही सुरू आहे.' कॉपी-पेस्ट आहे, हे मी झोपेतही ओळखेन. समोरच्या ग्राहकाला काय वाटत असेल याचा विचार ही माणसं कधीच करत नाहीत का?

संतापाने हिला वाचून दाखवलं. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कंपनी बरोबर आहे. तो जुनाच आहे."

म्हटलं, काय जुना?

"तुमच्या हातातला. नवा तिच्या बॅगेत घातला मी."

विचारलं, कुणाला विचारून?

"तुम्हाला. टॅक्सी आली त्या दिवशी. कानात ती बोंडं घालून बसला होतात. मी म्हटलं, हिचं काम जड आहे, नवा हिला देते. तुम्ही म्हणालात, हो हो, चांगलं केलंस. अंगठासुद्धा दाखवलात."

म्हटलं, मग सतरा दिवस बोलली का नाहीस? ही म्हणाली, "तुम्ही इतके खूश होतात. म्हटलं, फरक कळेल तेव्हा बोलाल." आणि पुन्हा भाजी.

लॅपटॉपकडे नीट पाहिलं. स्क्रीन जरा पिवळट आहे. बटणंही जड लागतात. आणि पंख्याचा आवाज तर आता अगदी स्पष्ट येतोय.

७ ऑगस्ट

शांत डोक्याने विचार केला.

एक. नवा परत मागवता येईल. कुरियर आहे. दोन. कन्येला काय सांगणार? तीन. फोरमवरचा लेख काढावा का? काल आणखी एकाने त्यावरून लॅपटॉप घेतला. लेखात तत्त्वतः चूक काही नाही. मी फक्त लॅपटॉपचा अनुभव लिहिलाय, कुठल्या ते वाचकाने ठरवावं.

नन्नाला यातलं काही सांगितलं नाही. त्याने विचारलं, आज लॅपटॉपबद्दल काही नाही का? मी म्हटलं, न.

९ ऑगस्ट

रविवार. कन्येचा फोन.

मी विषय काढणारच होतो. वाक्य तयार होतं : 'बेटा, एक छोटीशी अदलाबदल झाली आहे.' पण तीच आधी बोलू लागली. तिच्या घराच्या मॉडेलला शाबासकी मिळाली. पहिलं आलं नाही, पण सरांनी ते सगळ्या वर्गाला दाखवलं. म्हणाले, इतरांनी घरं काढलीत, या घरात मात्र कुणीतरी राहतंय. तिने खिडकीजवळ खुर्चीही काढलीय म्हणे, आणि खुर्चीसमोर टेबल, टेबलावर लॅपटॉप. "माणूस काढायला परवानगी नव्हती बाबा, नाहीतर तुलाही बसवलं असतं."

मी विचारलं, आणि लॅपटॉप? नीट चालतो ना? वेगाबद्दल काय मत?

ती हसली. म्हणाली, "खरं सांगू? काही फरक कळत नाही. मैत्रिणीकडे तुझ्यासारखाच जुना आहे, तोही एवढाच चालतो. जुनाच पुरला असता मला."

मी टेबलावरच्या लॅपटॉपचं झाकण लावलं.

मग ती म्हणाली, "पण तो उघडला ना इथे, आणि कळलं की तू नवा मला दिलास आणि जुना स्वतःला ठेवलास, तेव्हा रडू आलं बाबा मला. तू इतके दिवस त्याच्यामागे होतास. बोलला पण नाहीस काही."

तयार केलेलं वाक्य जिभेवर होतं. ते तिथेच राहिलं. मी म्हणालो, "अगं, बापाने एवढं तर करायलाच हवं."

स्वयंपाकघरातून ही जोरात खोकली. मग पुन्हा खोकली. चांगलीच ढास लागली.

हवा बदललीय वाटतं. उद्या हिच्यासाठी खोकल्याचं औषध आणायला हवं.