क्ष बरोबर बारा

६ फेब्रुवारी १९९४, सिरसाळा

‘भाचीचे वय क्ष मानू,’ एवढं पाटीवर लिहिलं आणि मान खाली घातली. बघायला आलेत म्हटल्यावर मुलीनं मान खाली घालायचीच असते. माझं हसू कुणाला दिसलं नाही.

त्याआधी चालून दाखवलं होतं. सुईत दोरा ओवून दाखवला होता. मग नवऱ्या मुलाचे काका, राजेश्वरअप्पा, म्हणाले, ‘‘पोरगी गणिताच्या शिकवण्या घेती म्हनं. सोडव की एक.’’ आणि पाठ केल्यासारखं — ‘‘भाची आन मामाच्या वयाचं गुणोत्तर एकास तीन. बारा वर्सांनी एकास दोन. तर मामाचं वय किती?’’

नवरा मुलगा योगीराज समोर बसलेला. वय सत्तावीस, असं त्याच्या आईनं दोनदा सांगितलेलं. शेजारी त्याची भाची शिवांजली चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती.

मी सावकाश मांडलं. बारा वर्षांनी भाची क्ष अधिक बारा, मामा तीन क्ष अधिक बारा. तेव्हा मामा भाचीच्या दुप्पट. म्हणजे तीन क्ष अधिक बारा बरोबर दोन क्ष अधिक चोवीस. क्ष बरोबर बारा.

‘‘भाची बारा वर्षांची,’’ मी म्हटलं.

‘‘बरोबर हाय,’’ शिवांजली म्हणाली. ‘‘मी बाराचीच हाय.’’

इथे थांबता आलं असतं. आईनं डोळे वटारले होते. सुपारी आजच फुटणार होती. पण उत्तर अर्धं सोडलं की गुण कापतात —

‘‘मामा छत्तीस.’’

काका पाटीकडे बघत राहिले. नवऱ्या मुलाची आई म्हणाली, ‘‘निस्तं गणित हाय ते.’’

‘‘मग पोरीचं वय कावून जुळलं?’’ माझ्या वडिलांनी, आप्पांनी विचारलं.

योगीराज बशीतला चहा फुंकत होते. चहा केव्हाच निवला होता.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ

आई म्हणते, ‘‘लई चांगलं स्थळ घालवलंस. येत न्हाई म्हणायला काय झालतं?’’

आप्पा पोटभर जेवले. सुपारी तशीच डब्यात.

७ फेब्रुवारी

सकाळी योगीराज एकटेच आले. ओट्याखाली उभे राहून आप्पांना म्हणाले, ‘‘ते गणित मीच घातलं होतं. काकांकडून पाठ करून घेतलं. घरात खरं वय सांगायला कुणी तयार नव्हतं.’’



‘‘फारच सोपं घातलं होतं,’’ मी दारातून म्हटलं.

‘‘चुकू नये म्हणून.’’

आप्पांनी त्यांना आत बोलावलं. मी चहा ठेवला.