रुपयाभार अमेरिका

मु. भोकरदन, चैत्र वद्य षष्ठी, सन १३४६ फसली

तीर्थस्वरूप कारभारीदाजी यांचे सेवेशी, तुमचा धाकटा मेहुणा बद्रीनाथ याचा धावड्याच्या दिशेला तोंड करून, दोन्ही हात जोडून, खाली वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. तिकडची खुशाली कळवावी असं प्रत्येक पत्रात लिहायचं असतं आणि कोणी कळवत नसतं. या खेपेला मात्र मी खरोखर विचारतो आहे. दाजी, पोट कसं आहे? अन्न ठरतं का? आसराआक्का नुसता ताकभातच देते ना? सुपारीसाठी तुम्ही जे दोन वडीलधारे पाहुणे सोबत आणले होते, त्यांचीही तब्येत मी विचारली म्हणून सांगा. त्यांची नावं मला अजून ठाऊक नाहीत, कारण ओळख करून घ्यावी एवढा वेळ ते एका जागी बसलेच नाहीत. गाडीत चढताना तुम्ही मला जे काही बोललात ते मी मनावर घेतलेलं नाही. (निम्मं ऐकूच आलं नाही. वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही गाडीतून उतरलात आणि शेताकडे पळालात.) चैत्रात सगळं रान मोकळं, आडोसा म्हणून काही नाही, त्यात तुमच्यासारख्या अब्रूदार माणसाचे काय हाल झाले असतील या विचारानं मला सहा दिवस जेवण गोड लागलेलं नाही. पौषात सुपारी फोडू नये हा रिवाज कोणी घातला कोण जाणे. पौषात निदान ज्वारी तरी उभी असते.

दाजी, सुपारी पाटावर तशीच राहिली. माझी सोनू आणि तुमचा सांडू, आत्याचा मुलगा आणि मामाची मुलगी, दोघं लहानपणापासून एकमेकांना ठरलेले, आणि ऐन वेळी तुम्ही उठून गेलात. आता मला कळतं की तिकडे कोणीतरी तुमच्या कानात भरलंय की मेहुण्यानं मुद्दाम पोट बिघडवलं, त्याला पोरगी जालन्याच्या बड्या घरात द्यायची आहे. हे बिलकुल खोटं आहे. या सगळ्याच्या मुळाशी एक अमेरिकन बाई आहे. (हे पत्र आक्काला वाचून दाखवत असाल तर या वाक्यावर थांबू नका, जल्दी पुढे जा.)

ही बाई एका चांदीच्या सिक्क्यावर असते. मला जुन्या सिक्क्यांचा नाद आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. सरकारी मदरशात मुलांना मराठी शिकवून जो वेळ उरतो तो मी यातच घालवतो. तर झालं असं, की जालन्याला जिनिंगच्या मशिनी बसवायला आलेला एक अमेरिकन साहेब मायदेशी निघाला आणि मस्तगडात त्याच्या सामानाची हर्रास निघाली. खुर्च्या होत्या, ग्रामोफोन होता, माणूस झोपून अंघोळ करील एवढा एक टब होता (तो एका शेतकऱ्यानं बैलांसाठी घेतला), आणि एका लाकडी पेटीत मखमलीवर मांडलेले पाच सिक्के होते. चार त्यातल्या त्यात अलीकडचे. पाचवा पाहिला आणि दाजी, मी पेटी उचलून उजेडात नेली. मोकळ्या केसांची एक बाई, भोवती चांदण्या, मागच्या बाजूला गरुड, आणि खाली साल सतराशे पंच्याण्णव! म्हणजे अमेरिकेनं चांदीचा डॉलर पाडायला सुरुवात केली त्याच्या दुसऱ्याच वर्षातला. म्हणजे आपल्याकडे खर्ड्याची लढाई झाली त्या सालातला. (हे जरा हळू वाचा. त्या लढाईत कोण हरलं हे सरकारला आठवून द्यायला नको.) बाईच्या डोक्यावर इंग्रजीत ‘स्वातंत्र्य’ असं लिहिलेलं. (हे तर वाचूच नका.) असा सिक्का मुंबईच्या जाणकारांना उभ्या जन्मात एखाद्या वेळी पाहायला मिळतो, आणि तो मस्तगडात, एका फुटक्या बशीच्या शेजारी, माझी वाट पाहत पडला होता.

मला वाटलं होतं, दुसरं कोण घेणार? पण आधी एक सराफ उठला. त्यानं सिक्के हातात तोलले, आटवून किती चांदी निघेल तेवढीच बोली केली आणि बसला. मग उठला एक बँडवाला. त्याच्या बँडात पाच जण, सिक्केही पाच. त्याला ते भोकं पाडून वाजवणाऱ्यांच्या छातीवर बिल्ले म्हणून लावायचे होते! दाजी, मी भर सभेत ओरडलो, भोकं? माझ्या ओरडण्यावरून त्याला वाटलं मालात काहीतरी खास आहे, आणि त्यानं बोली वाढवली. मी वाढवली की तो वाढवी. शेवटी मी त्याच्या हातापाया पडलो, चार तू घे, ही बाई तेवढी मला दे. तो म्हणाला, मग माझा क्लॅरिनेटवाला उघड्या छातीनं वाजवील का? शेवटी हर्रास पुकारणारा ‘दो बार’वर आला असताना मी कमरेचा सगळ्यात शेवटचा रुपया काढला, आणि बाई माझी झाली. चार सिक्के बँडाला गेले. आज अमेरिकेची चार अस्सल जुनी नाणी जालन्यात लग्नाच्या वरातीतून नाचत फिरतात आणि त्यांची ओळख असलेला या जिल्ह्यात मी एकटा आहे. (आपल्या लग्नात तोच बँड आणू. खर्चा माझा.)

आता तो शेवटचा रुपया कुठला, हे सांगणं भाग आहे. आमचे रखमाजीकाका घरच्या घरी औषधं देतात, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. त्यांचं वजन म्हणजे एक रुपया. रुपया म्हणजे बराबर एक तोळा. एका पारड्यात रुपया टाकायचा, दुसऱ्यात चूर्ण, झालं रुपयाभार. त्यांच्या वडिलांपासून हेच चाललेलं आहे. जालन्याला निघताना, कमी पडलाच तर असावा म्हणून, तो रुपया मी काकांच्या तागडीच्या डबीतून उसना उचलला होता. परत आल्यावर प्रश्न पडला, सिक्का ठेवायचा कुठे? सोनूची आई, दुर्गा, त्यावर एकदा नजर टाकून म्हणाली होती, “कोण ही केस सोडून बसलेली? अन् हिच्यासाठी तुम्ही जालन्याला गेल्ते?” तेव्हा ती कधी हात लावत नाही अशी जागा हवी होती. अशी जागा आमच्या घरात एकच, काकांच्या तागडीची डबी. ती उघडीच मिळाली, रिकामीच मिळाली, मी बाईला आत ठेवली आणि निश्चिंत झालो.

काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते सगळं काम हातानं चाचपून करतात. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “बद्री, रुपया जरा जाड लागून राह्यला रे. पण चांदीच हाये. माझेच हात बारीक झाले असतील.” मी वर्गातल्या मुलांच्या वह्या तपासत होतो. मी ‘हो’ म्हणालो. दाजी, त्या एका ‘हो’पायी भोकरदनचं काय झालं ते ऐका. अमेरिकेचा हा सिक्का सव्वादोन तोळ्यांच्या वर भरतो. म्हणजे काकांकडून जो रुपयाभार सोनामुखीचं चूर्ण नेई, त्याला सव्वादोनपट जाई, आणि तो बिचारा एका दमात पिई. चार दिवसांत अख्ख्या गावात काकांचं नाव झालं. कचेरीतले कारकून एकेक करून गैरहजर राहू लागले. आमचे हेडमास्तर फळ्यावर गणित अर्धं टाकून गेले ते तीन दिवसांनी आले आणि येऊन काकांच्या पाया पडले. म्हणाले, वीस वर्षांत असं हलकं वाटलं नव्हतं. काकांना वाटलं, म्हातारपणी आपला हातगुण परत आला. ते ताठ बसायला लागले. आम्हालाही कौतुक वाटलं. मला तर जास्तच वाटलं, आणि तरीही दाजी, मी एक शिकलेला माणूस, माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो पडला सुपारीच्या दिवशी. तुम्ही पुरणपोळ्या चापून खाल्ल्यात (दुर्गेच्या हाताला चव आहे हे तुम्ही स्वतः म्हणालात, आता फिरू नका), पोटावर हात फिरवलात, आणि म्हणालात, जरा जड वाटून राह्यलं. काका तयारच. तुम्हाला रुपयाभार दिलं. फुकटचं मिळतंय म्हटल्यावर ते दोघं पाहुणेही म्हणाले, आम्हालाही द्या. तेवढ्यात मी तिकडे गेलो आणि काकांच्या पारड्यात गरुड पाहिला. त्या वेळी तुम्ही तिघांनी पेले रिकामे करून खाली ठेवलेले होते. दाजी, मी काय करायला हवं होतं? ओरडायला हवं होतं. पण ओरडलो असतो तर दुर्गेला सिक्क्याची जागा कळली असती. मी मनात म्हटलं, सुपारी फुटायला किती वेळ लागतो? भटजींना मी दोनदा खूण केली, जल्दी करा. ते म्हणाले, गणपतीपूजनात जल्दी चालत नाही. पुढचं तुम्ही मला सांगावं असं आहे, मी तुम्हाला नव्हे.

एवढं सगळं मी कोणालाही सांगितलं नसतं. तुम्हाला सांगतो आहे, कारण यात तुमचा अपमान करायचा हेतू कोणाचाच नव्हता. सोनूचा नाही, दुर्गेचा नाही, काकांचा तर नाहीच. सगळा गुन्हा माझा आणि माझ्या नादाचा. तो नाद मी सोडला आहे. तो सिक्का आता या घरात नाही. त्याचं तोंड मी पुन्हा पाहीन असं वाटत नाही. काकांच्या डबीत खरा रुपया परत ठेवला आहे (गिऱ्हाइकं तक्रार करतात की औषधात पहिल्यासारखा दम नाही, आणि काका पुन्हा वाकून बसायला लागले आहेत). तेव्हा राग सोडावा, वैशाखातला एखादा दिवस धरावा आणि सुपारीला परत यावं. जेवायला साधं वरण-भात करू. औषध कोणी विचारणारसुद्धा नाही.

आक्काला नमस्कार, चि. सांडूला आशीर्वाद.

तुमचा अपराधी,
बद्रीनाथ

ता. क. तुम्ही अजून शांत बसलेले होता तेव्हा काकांनी आक्कासाठी म्हणून एक पुडी बांधून दिली होती. तुमच्या पडशीत असेल. ती आक्काला कृपा करून देऊ नका.

ता. क. दुसरा. ती पुडी ओढ्यातही फेकू नका. खरं लिहितो. सिक्का घरात नाही असं मी वर म्हटलं ते यासाठी की काकांनी घाईत एका पारड्यातलं चूर्ण पुडीत ओतलं आणि दुसऱ्या पारड्यातला सिक्काही ओतला. तीन दिवस घर उलटं केलं तेव्हा काकांना आठवलं, “म्हंजे पुडी जड लागली ती त्याच्यानं.” हे पत्र आणणाऱ्या माणसाच्या हाती ती पुडी, न उघडता, न हलवता, द्यावी. एवढंच खरं तर मागायचं होतं.

ता. क. तिसरा. हे पत्र आत्ता दुर्गेनं वाचलं. म्हणाली, “पोरीसाठी लिहाया बसले अन् सिक्क्यावर आले. तिच्याकडं पाह्यलं का एकदा तरी?” मी पाहिलं. दाजी, सहा दिवस झाले, रस्त्यावर गाडीचा आवाज आला की सोनू हातातलं काम टाकून दारात जाते. मी विचारलं, कशाला गेल्ती? म्हणाली, कुत्रं हाकलाया. आमच्या गल्लीत कुत्रं नाही. मी बाप असून मला हे दिसलं नव्हतं, आणि दिसलं तेव्हा मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही.

तेव्हा वरचा तो दुसरा ता. क. खोडला असं समजा. पुडी परत पाठवू नका. सिक्का काढून आक्काकडे ठेवा, आणि सोनू सून म्हणून घरात आली की तिच्या हातावर ठेवा. मी अधूनमधून येत जाईन. बापानं लेकीच्या सासरी सारखं जाऊ नये असा आपल्याकडे रिवाज आहे, तेव्हा धावड्याचे लोक विचारतील, हा मास्तर दर पंधरा दिवसांनी का येतो. त्यांना सांगा, येडं हाये ते, त्याचा एक अमेरिकेचा सिक्का आमच्याकडं राह्यलाय, तो पाहाया येतं.