अपघाताचं कारण

प्रिय ताई,

चार महिने झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. बरोबरच आहे तुझं. म्हणून कागद घेतला. तो तरी मध्येच कट होत नाही.

गाडीच्या विम्याचं घोंगडं अजून भिजत पडलंय. चूक टेम्पोवाल्याची, लाल सिग्नल तोडून तो आईच्या बाजूनं आदळला, हे पोलिसांनीही लिहून दिलंय. तरी कागद काही संपत नाहीत. परवा फोटो काढायला गॅरेजच्या मागच्या आवारात गेलो, तर आईची सीट अजून पुढे ओढलेली, तिला समोरचं नीट दिसावं म्हणून. मी ती मागे सरकवली नाही. घरीही तिच्या खोलीवरून जाताना पाय वाजू देत नाही, तिची झोपमोड होईल म्हणून. वेडेपणा आहे, कळतं मला.

काल विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं बोलावलं. फॉर्ममध्ये ‘अपघाताचं कारण’ या रकान्यात मी लिहिलं होतं, बहिणीचा फोन आल्यामुळे घाईत होतो. तो म्हणाला, साहेब, आपल्याच पायावर धोंडा का मारून घेताय, यात घाई आहे कुठे? आणि त्यानं गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. मी ते कधी बघितलंच नव्हतं. छाती झाली नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड न बघताच कंपनीला देऊन टाकलं होतं.

ताई, त्या परक्या ऑफिसात आई बोलायला लागली. आधी तुझा फोन, लवकर या, जेवायचे थांबलोय. तो ठेवल्यावर आई हसली. म्हणाली, हिला लहानपणापासून दम म्हणून नाही. तू आपला सावकाश चालव, मला बाहेर बघू दे. आणि मी सावकाशच चालवत होतो. वेग कोपऱ्यात दिसतो, तीस. सिग्नल हिरवा झाला तरी आम्ही गप्पांतच. मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा निघालो. घाई मी नंतर रचली. कुणावर तरी ढकलल्याशिवाय मला उभंच राहता येत नव्हतं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर मी तुला म्हणालो, तू फोन केला नसतास तर आई आज असती. ते खोटं होतं. आज फॉर्म बदलून दिला, पण तुला लिहिल्याशिवाय तो पुरा होत नाही. माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो. सोबत चित्रणाची प्रत आहे. आईचा आवाज स्वच्छ आलाय. ऐक, पण सातव्या मिनिटाला बंद कर. पुढचं मी ऐकलंय, एकानं ऐकलं तेवढं पुरे.

तुझाच,
धाकटा